पाण्याची पाळी

जुन्या महसुली कागदांत बागायत जमिनीच्या दोन जाती सांगितलेल्या असतात: मोटस्थळ आणि पाटस्थळ. जिला विहिरीतून मोटेने ओढून पाणी द्यावे लागते ती मोटस्थळ. जिच्याकडे पाणी आपल्या पायांनी चालत येते ती पाटस्थळ. सारा आकारणाऱ्याला एवढाच फरक पुरेसा होता. पण या दोन शब्दांकडे जरा निरखून पाहिले, तर त्यांच्यामागे दोन निरनिराळी माणसे उभी असलेली दिसतात. मोटस्थळाचा धनी पहाटे आपले बैल धावेवर घालतो, नाडा आणि सोंदूर तपासतो, आणि जेवढा घाम गाळील तेवढे पाणी नेतो. तो कोणाचा मिंधा नाही. पाटस्थळाच्या धन्याला हे सुख नाही. त्याच्या शेतात येणारे पाणी आधी दहा जणांच्या बांधावरून आलेले असते. त्या दहांपैकी एकाने जरी रात्री गुपचूप दारे मोडून पाणी आपल्याकडे वळवले, तरी याचे पीक वाळते. दहाही जण आपापल्या पाळीला घेऊन पाळी सरताच सोडतात, म्हणून याच्या घरात धान्य येते. म्हणजे पाटस्थळ ही केवळ जमिनीची जात नव्हे, ती माणसांमधल्या एका नात्याची जात आहे.

आमच्या बीड जिल्ह्यात हे नाते फार जमिनीच्या वाट्याला आले नाही. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी जाते, मधून बालाघाटचा डोंगर आडवा पसरलेला. पाऊस सह्याद्रीवर रिकामा होऊन आमच्याकडे येतो, तो उरलासुरला. बहुतेक रान कोरडवाहू. दसरा उलटला की गावेच्या गावे कोयते घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि शाळेतल्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणांची रांग लागते. अशा या जिल्ह्यात, बीड शहराच्या दक्षिणेला साधारण सहा किलोमीटरवर, सोलापूरच्या वाटेला चारशे वर्षांपूर्वीच्या एका पाटस्थळाची खूण शिल्लक आहे. तिला खजाना विहीर म्हणतात.

नाव विहिरीचे असले तरी ही नुसती विहीर नव्हे, हे आत उतरल्यावर कळते. पायऱ्यांनी खाली गेले की पाण्याभोवती फिरता येईल असा गोल ओटा लागतो, आणि भिंतीत भुयारी वाटांची तोंडे दिसतात. पाणी आत आणणारी वाट निराळी, बाहेर नेणारी निराळी. मोटेची सोय हा तिचा मूळ हेतूच नाही. विहिरीपासून शहराकडे, बिंदुसरा नदीच्या अंगाला, जमीन उतरत जाते. भुयारालाही उतार दिलेला आहे, पण जमिनीच्या उतारापेक्षा कमी. त्यामुळे विहिरीपाशी खोल असलेले भुयार जसजसे पुढे जाते तसतशी जमीनच त्याच्याकडे खाली येत राहते, आणि एके ठिकाणी पाणी आपोआप उजेडात येऊन पाटाला लागते. बैल नको, चाक नको, माणसाचा हात नको. इराणात याच कल्पनेवर मैलोन्‌मैल भुयारे खोदली गेली. दक्षिणेत औरंगाबादच्या नहरी आणि बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा ही त्याच घराण्यातली भावंडे. फरक असा की, ती दोन्ही शहरांची तहान भागवण्यासाठी होती. बीडच्या विहिरीचे पाणी मुख्यतः शेतांकडे, बलगुजार नावाच्या भागाकडे, सोडलेले होते. जिल्ह्याच्या वर्णनांत तिच्याखाली भिजणाऱ्या क्षेत्राचा आकडा २१२ हेक्टरांच्या आसपास दिलेला आढळतो. मोठ्या धरणांच्या हिशेबात तो नगण्य आहे. परंतु वीज, तेल किंवा बैल यांपैकी काहीही न लागता, केवळ उतारावर भिजलेले २१२ हेक्टर म्हणजे काय, हे ज्याने मे महिन्यात आमचे रान पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही.

या विहिरीविषयी लोक एक गोष्ट नेहमी सांगतात: हिचे पाणी उन्हाळ्यात उतरत नाही आणि पावसाळ्यात चढत नाही. ऐकणारा ते नवल म्हणून ऐकतो. पण त्यातले नवल मला निराळ्याच ठिकाणी दिसते. पाणी चढत नाही, याचे कारण साधे आहे. बाहेर जाणारी वाट ज्या उंचीवर ठेवली आहे त्या उंचीच्या वर आलेला प्रत्येक थेंब निघून जातो. म्हणजे पातळी स्थिर ठेवणारी शक्ती झऱ्यात नाही, देण्याच्या तोंडात आहे. बांधणाऱ्याने ते तोंड कुठे ठेवायचे हे एकदा ठरवले, आणि आपल्याजवळ किती ठेवायचे आणि किती सोडायचे याचा निवाडा चारशे वर्षांसाठी दगडात करून टाकला. खजिना म्हणजे साठवण्याची जागा. या खजिन्यात एका रेषेच्या वर काही साठूच शकत नाही.

बांधणाऱ्याची कथा ठाऊक नाही असा माणूस बीडमध्ये क्वचितच सापडेल. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहीत मूर्तजा निजामशहा गादीवर असताना बीडची जहागीर सलाबतखानाकडे होती. हिजरी ९९१, म्हणजे इसवी सन १५८३च्या सुमारास, त्याने ही विहीर बांधवली. काम राजा भास्कर नावाच्या वास्तुकाराने केले. 'तारीख-ए-बीर' या उर्दू इतिहासात नोंद आहे ती अशी की, नगरच्या खजिन्यात भरायचा वसूल या बांधकामात खर्च झाला, आणि म्हणून विहिरीला खजाना हे नाव पडले. लोकांनी या नोंदीला पुढे एक प्रसंग जोडला आहे. राजाने विचारले, खजिना कुठे आहे. आणि खानाने त्याला विहिरीच्या काठाशी आणून उभे केले.

गोष्ट म्हणून हे सुरेख आहे. पण शाळेत ती सांगितली की कोणीतरी एखादा मुलगा हमखास विचारतो, "मग तो चोर का नाही?" मी या प्रश्नाला हसून उत्तर देऊ शकत नाही. प्रश्न बरोबर आहे. जे आपले नाही ते दान करता येते काय? आपल्याकडे दानाचे एवढे माहात्म्य सांगितले, पण त्यात पहिली अट हीच की द्रव्य स्वतःचे असावे. शेजाऱ्याच्या कणगीतून जोंधळे काढून अन्नछत्र घालणाऱ्याला आपण दाता म्हणत नाही. राजाचा वसूल राजाचा. तो अडवणारा कारभारी, कितीही चांगल्या कामासाठी अडवो, विश्वासघात करतोच. आज एखाद्या अधिकाऱ्याने सरकारी तिजोरीत भरायची रक्कम स्वतःच्या अखत्यारीत गावच्या तलावावर खर्च केली तर त्याची चौकशी होईल, आणि ती व्हायलाच हवी असे मीही म्हणेन.

यावर दुसरी बाजू अशी की, तो वसूल तरी कोणाचा होता? खजिना राजाचा, असे म्हणताना आपण ते धन राजवाड्यात उगवले असे धरून चालतो. ते शेतात उगवले होते. ज्यांच्या खळ्यावरून ते उचलले गेले त्यांच्याच बांधावर ते पाणी होऊन परत आले, तर परत करणाऱ्याला चोर कसे म्हणावे? हा युक्तिवाद मला आवडतो, आणि आवडतो म्हणूनच मी त्याच्याकडे संशयाने पाहतो. कारण वसूल सगळ्या जहागिरीतून गोळा झाला आणि पाणी मिळाले ते बलगुजारला. उताराच्या वर राहणारा, डोंगरकडेच्या माळावर बाजरी पेरणारा जो कोणी कुणबी त्या खजिन्यात भर घालून गेला, त्याला या विहिरीचा एक थेंबही मिळणे शक्य नव्हते. पाणी चढावर जात नाही. तेव्हा दानालाही वरचे आणि खालचे अंग असतेच. आजच्या धरणांचा इतिहास काढला तर हाच हिशेब मोठ्या आकड्यांत मांडलेला सापडेल: कर सर्वांचा, पाणी कालव्याखालच्यांचे, आणि कालव्याच्या शेपटाला असलेल्यांचे नुसते नाव.

इतिहासातला सलाबतखान या गोष्टीतल्या खानापेक्षा मला अधिक गूढ वाटतो. मूर्तजा निजामशहाने पुढच्या काळात लोकांत वावरणे सोडले. तो एकांतात राहू लागला आणि त्याला 'दिवाना' असे नाव पडले. राज्य प्रत्यक्षात काही वर्षे सलाबतखान चालवीत होता. त्याला मनात येईल ते करता आले असते. पण राजाने त्याला कैद करण्याचा हुकूम काढला तेव्हा त्याने बिनतक्रार बेड्या घालून घेतल्या, असे फरिश्ता लिहितो. १५८८ मध्ये मूर्तजाच्या मुलानेच बापाचा जीव घेतला. नगरजवळच्या डोंगरावर चांदबिबीचा महाल म्हणून जी उंच इमारत प्रवासी पाहतात ती खरे म्हणजे या सलाबतखानाची कबर आहे. तिच्यावरचे नावसुद्धा लोकांनी दुसऱ्याला देऊन टाकले. ज्या माणसाने राजाच्या एका शब्दावर हात पुढे करून बेड्या घेतल्या, त्याच माणसाने राजाचा वसूल न विचारता खर्चला असेल काय? दोन्ही खरे असेल, तर त्याच्या मनात एक रेषा स्पष्ट होती असे मानावे लागेल: माझा देह राजाचा आहे, पण पाणी त्याचे नाही. अर्थात हे माझे, कादंबरी लिहिणाऱ्याचे, मानणे झाले.

तथापि मला देणाऱ्याच्या पापपुण्यापेक्षा घेणाऱ्यांचा प्रश्न अधिक जवळचा वाटतो. कारण देणारा एकदाच देतो, घेणाऱ्याला मात्र रोज घ्यायचे असते. सलाबतखानाने आणि राजा भास्कराने दगड रचले. ते दगड अजून पुष्कळसे जागेवर आहेत. परंतु भुयारात येणारे पाणी दगड तयार करीत नाही. ते आसपासच्या शेकडो एकरांत मुरलेल्या पावसाचे असते, आणि ते शेकडो एकर आज शेकडो जणांचे आहेत.

त्यांपैकीच म्हणता येतील असे एक शेतकरी माझ्या परिचयाचे आहेत. वयाने वडील, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. ते मला गुरुजी म्हणतात. त्यांच्या चार एकरांत तीन बोर आहेत. पहिल्याला काही वर्षे पाणी होते, दुसऱ्यात नुसता फुफाटा निघाला, तिसऱ्याला पाचशे फुटांच्या पुढे थोडे लागले. दुसऱ्या बोरचे कर्ज अजून फिटायचे आहे. एकदा मी त्यांच्याशी या जुन्या भुयारांविषयी बोलत होतो. वरच्या रानांत असे बोर होत राहिले तर खालचे झरे तुटतात, असे काहीसे मी म्हणालो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "गुरुजी, माझ्या रानाखालचं पाणी माझं नाही, तर कुणाचं?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. ते खरोखर विचारीत होते. आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे दीडशे वर्षांहून अधिक काळ मान्य झालेले आहे. इंग्लंडमध्ये १८४३ साली एका कापडगिरणीवाल्याने शेजारच्या कोळशाच्या खाणमालकावर दावा लावला होता; खाण खोदल्यामुळे त्याच्या विहिरी आटल्या होत्या. न्यायालयाने त्याला काही दिले नाही. जमिनीच्या पोटातले अदृश्य पाणी ज्याची जमीन त्याचे. त्याने ते काढले आणि शेजाऱ्याचे आटले तर तो शेजाऱ्याचे नुकसान करतो, पण अन्याय करीत नाही, असे ते तत्त्व. आपल्या १८८२च्या ईझमेंट कायद्यातही तेच आले. फक्त त्यात एक बारीकशी अट आहे: निश्चित प्रवाहातून न वाहणारे पाणी मालकाचे. निश्चित प्रवाह असेल तर गोष्ट वेगळी. मी ही अट प्रथम वाचली तेव्हा मला खजाना विहिरीचेच भुयार आठवले. भुयारातले पाणी हा निश्चित प्रवाह. त्याला हात लावाल तर गुन्हा. परंतु त्या भुयारात जे झिरपते, ज्याच्यावाचून ते भुयार म्हणजे एक लांब कोरडे बीळ, ते पाणी अनिश्चित. ते अलीकडेच खेचून घेतले तर कोणाच्याच वस्तूला हात लावला नाही! नदी चोरता येत नाही, पण नदीचे होऊ घातलेले थेंब वाटेत उचलायला कोणाची ना नाही.

महाराष्ट्राने नंतर या तत्त्वाला मुरड घातली आहे. १९९३च्या कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक जागेपासून ५०० मीटरांत परवानगीवाचून विहीर घ्यायला अटकाव केला. २००९च्या भूजल कायद्याने ६० मीटरपेक्षा खोल विहिरींवर अधिसूचित क्षेत्रांत बंधन आणले. कागद चांगला आहे. पण रात्री गावात शिरणारी बोरची गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हेही ठाऊक आहे की ती कोणत्याही कलमापेक्षा वेगाने खाली जाते. आणि मला काकांवर कलम लावावेसे वाटत नाही. त्यांनी कोणाचे काही नेले, असे दाखवताच येणार नाही. त्यांच्या मोटारीने कोणत्या गावच्या कोणत्या बाईची घागर रिकामी राहिली? तिला चेहरा नाही, नाव नाही. पाटावर जो पाणी चोरी तो कोणाचे चोरतो हे त्याला माहीत असे. दुसऱ्या दिवशी त्या माणसाची आणि त्याची देवळापाशी गाठ पडे. भूगर्भातल्या चोरीत चोरही नाही आणि फिर्यादीही नाही, फक्त तूट आहे. आपली सगळी नीती समोरासमोरच्या माणसांसाठी घडलेली. शेजाऱ्याला फसवू नये, एवढे आपल्याला कळते. पण आपले शेजारी कोण हेच जिथे दिसत नाही तिथे काय करावे, याची आपल्याला सवय नाही.

समोरासमोरच्या नीतीने काय साधते ते पाहायचे तर खानदेशाकडे जावे लागते. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर, साक्री आणि बागलाणच्या बाजूला, तीनचारशे वर्षे फड पद्धत चालत आली. नदीत लहानसा बंधारा, त्याच्यातून काढलेला पाट, आणि त्या पाटाखाली भिजणारे थळ. थळाचे तीनचार फड पाडलेले. एका फडात एका वेळी एकच पीक: यंदा इथे ऊस, तिथे गहू, पलीकडे जोंधळा, एखादा पडीक, पुढच्या साली पिके फिरायची. पाणी द्यायला शेतकऱ्याने स्वतः जायचे नाही. त्यासाठी सर्वांनी मिळून नेमलेला पाटकरी; पिकाची राखण करायला जागल्या; त्यांच्यावर हवालदार; आणि त्यांना मोबदला धान्याच्या रूपाने.

या व्यवस्थेतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट जमिनीच्या वाटणीत आहे. एका शेतकऱ्याची जमीन एका ठिकाणी एकवट नसे. त्याचे तुकडे प्रत्येक फडात असत. आज आपण तुकडेबंदीच्या कायद्याला सरावलेले लोक हे मागासलेपण म्हणू. पण त्याचा परिणाम पाहा. पाऊस कमी झाला, यंदा दोनच फडांना पाणी पुरेल असे ठरले, तर कोरडा राहणारा फड कोणा एकाचा नसे. थोडा माझा, थोडा तुझा, थोडा पाटलाचाही. वरच्या अंगाला असलेला माणूस दुसऱ्या तुकड्यापुरता खालच्या अंगालाही असे. त्याने वर चोरी केली तर खाली स्वतःचेच पीक वाळायचे. ज्याने हे रचले (कोणा एकाने रचले नसणार) त्याने माणसाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवला नाही. त्याने प्रत्येकाला थोडे वरचे आणि थोडे खालचे करून ठेवले, आणि मग स्वार्थालाच पाळी धरायला लावली. सलाबतखानाचे दान वरून आले. त्याला एक मोठा माणूस लागला. फडाला मोठा माणूस लागला नाही.

हे लिहिताना मला एक धोका दिसतो. जुन्या पाटांविषयी बोलू लागले की आवाज आपोआप हळवा होतो, आणि जुने ते सगळे न्यायाचे होते असे वाटू लागते. तसे ते नव्हते. फडात ज्याचे तुकडे होते तो थोडा वर आणि थोडा खाली होता, हे खरे. पण ज्याचा एकही तुकडा नव्हता तो कुठेच नव्हता. गावाच्या पाणवठ्यावर ज्यांची सावली चालत नव्हती अशी माणसे प्रत्येक पाटाच्या काठाने राहत होती, तो पाट उपसून गाळ काढण्याचे काम त्यांच्याकडूनच होत असे, आणि त्यातले पाणी मात्र ओंजळीने घ्यायची त्यांना मुभा नव्हती. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यावे लागले ते काही तहानेमुळे नव्हे. पाळी ही फार सुंदर गोष्ट आहे, पण पाळीच्या यादीत नाव कोणाचे, हा प्रश्न तिच्या आधीचा आहे.

त्या प्रश्नाला आपल्या काळात एकाच माणसाने सरळ हात घातला असे मला वाटते. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तिचा नियम असा की, पाण्याचा हक्क जमिनीमागे नाही, माणसामागे: माणशी अर्धा एकर भिजेल एवढे पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ऊस लावायचा नाही. आणि ज्याला जमीनच नाही त्याचाही पाण्यात वाटा. शेवटचे कलम वाचून पुष्कळ शहाणे लोक हसले असतील, की जमीन नसलेल्याने पाणी घेऊन काय करायचे? त्याने काहीही करावे, दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी. पण गावात पाऊस पडतो तो त्याच्याही नावाने पडतो, एवढे त्या कलमात म्हटले होते. सात-बारावर पावसाची नोंद कोणाच्याच नावे नसते, हे आपण सगळेच विसरलो होतो.

आता थोडे दूर जाऊन पाहू. इंग्लंडच्या दक्षिण भागात, हॅम्पशर आणि विल्टशरमध्ये, सतराव्या शतकापासून नद्यांकाठच्या गवताच्या कुरणांना पाणी देण्याची एक पद्धत होती. आमच्या मुलांना ती सांगितली तर खोटी वाटेल, कारण तिथे पाणी दुष्काळासाठी नव्हे, थंडीसाठी देत. कुरणाला वरंबे आणि सऱ्या पाडायच्या. वरंब्याच्या माथ्यावरच्या चारीतून पाणी दोन्ही बाजूंना पातळ पदरासारखे उतरू द्यायचे आणि खालच्या सरीतून परत नदीला लावायचे. वाहते पाणी जमीन गोठू देत नसे. गवत इतरांपेक्षा काही आठवडे आधी वर येई. मेंढ्यांना ते चारून रात्री त्यांना नांगरटीच्या रानात बसवायचे, म्हणजे धान्याच्या शेताला खत. आपल्याकडे धनगराची मेंढरे शेतात बसवतात तसेच. हे पाणी चालवणाऱ्या माणसाला तिकडे 'ड्राउनर' म्हणत, म्हणजे बुडवणारा. आपला पाटकरीच तो. एका कुरणाचे पाणी दुसऱ्याकडे केव्हा सोडायचे याचेही करार असत, कारण खाली दुसरे कुरण आणि एखादी पाणचक्की असायचीच. पुढे खत गोणीत मिळू लागले, मजुरी वाढली, आणि ड्राउनर गेला. वरंबे राहिले. तिरप्या उन्हात ती कुरणे अजून अंगावरच्या जुन्या वळांसारखी दिसतात म्हणे. सॉल्सबरीजवळ एक कुरण जपून ठेवले आहे. २०२३ साली युनेस्कोने युरोपातल्या सात देशांच्या पारंपरिक पाटपाण्याला आपल्या यादीत स्थान दिले, आणि ते देताना नोंद केली ती दगडमातीच्या बांधकामाची नव्हे. ज्ञान, कसब आणि लोकांची संघटना यांची केली. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरात तर शेतकऱ्यांचे पाणी-न्यायालय दर गुरुवारी चर्चच्या दाराशी अजून बसते आणि तोंडी निवाडा देते.

आपल्याकडे वारसा म्हटला की आपण आधी फलक लावतो. खजाना विहिरीचे दगड जपायला हवेत, यात वादच नाही. गाळ निघावा, भुयारे मोकळी व्हावीत. पण केवळ दगड जपले आणि वरच्या रानांत पाणी मुरण्याची आणि ते किती उपसायचे याची काही पाळी ठरली नाही, तर आपण एका खजिन्याची रिकामी पेटी जपत राहू. उलट एखाद्या दिवशी ते भुयार ढासळले आणि पाळी मात्र राहिली, तर लोक दुसरे भुयार खणतील. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोर घ्यायचा नाही असे गावाने मिळून ठरवले आणि दरवर्षी पाण्याचा हिशेब मांडून पिके ठरवली. तिथे सलाबतखान नव्हता आणि जुने भुयारही नव्हते. दुसरीकडे मराठवाड्यात शेततळी आली, प्लॅस्टिकचा कागद अंथरलेली. पाऊस साठवायला म्हणून सांगितलेल्या त्या तळ्यांपैकी कित्येक आज बोरच्या पाण्याने भरली जातात आणि उन्हात वाफ होऊन हवेला मिळतात. तोही खजिनाच. फक्त त्याला बाहेर जाणारी वाट ठेवलेली नाही.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर मी त्या दिवशी एकदम दिले नाही. मी त्यांना फडाची गोष्ट सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली. तुकड्यांचा भाग पुन्हा एकदा सांगायला लावला. मग म्हणाले, "म्हणजे पाटलाचाबी थोडा तुकडा शेपटाला असायचा म्हणा की." मी होय म्हणालो. ते थोडा वेळ गप्प बसले. "आमच्याकडं वरच्या अंगाच्या चौघांचे मिळून अकरा बोर हायेत," ते म्हणाले. "त्यांचा तुकडा शेपटाला आणायचा कसा, ते सांगा." त्यांच्या ओसरीवर त्यांचा नातू गणिताच्या वहीत काहीतरी लिहीत बसला होता. त्याने मध्येच मान वर करून विचारले, की चौघांचे पाणी एकाच टाकीत सोडून मग वाटले तर? काकांनी त्याला अभ्यास कर म्हणून दटावले, पण वळून त्याच्याकडे एकदा पाहिले मात्र.

शेतीच्या विजेचा त्या आठवड्यातला फेरा रात्रीचा होता. पाळी आता वीजमंडळी ठरवतात, तेवढी मात्र सगळे बिनबोभाट पाळतात. दहाला लाईट यायची होती. काकांनी बॅटरी शोधली, पायांत चपला सरकवल्या, विंचूकाट्याचे असते म्हणून काठी घेतली आणि ते दारे धरायला निघाले.